आधी लेन्स, मग कॅमेरा

जुना मॅन्युअल फिल्म कॅमेरा घ्यायचा विषय निघाला की होस्टेलमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणत्या कंपनीचा घ्यायचा बे?" मग निकॉनवाले एका पलंगावर, कॅननवाले दुसऱ्या पलंगावर, आणि मेसची वेळ संपेपर्यंत महायुद्ध! माझं स्पष्ट मत असं की हा प्रश्नच उलटा आहे. ज्याच्याजवळ जुनी लेन्स आहे त्यानं आधी त्या लेन्सला विचारावं, "बाई, तुला कोणतं घर चालतं?" लेन्स जे सांगेल तोच आपला कॅमेरा. कंपनीचं नाव त्याच्यानंतर.

हा विषय आजच काढायचं कारण आहे. आपल्या कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबच्या कपाटात तीन जुन्या लेन्स पडून आहेत. एक हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ मिमी एफ/२. दुसरी १३५ मिमीची आणि तिसरी २८ मिमीची. सोबत एक कॅमेरा बॉडी आहे, पण तिचं शटर कायमचं झोपलेलं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये या चारही वस्तूंपुढे 'निरुपयोगी' असा शेरा पडलाय आणि येत्या निर्लेखनाच्या यादीत त्यांचं नाव आहे. म्हणजे मोडक्या खुर्च्या, जळालेल्या मोटारी आणि बंद पडलेल्या सीआरटी मॉनिटरसोबत या लेन्ससुद्धा किलोच्या भावानं जाणार. बॉडी निरुपयोगी आहे, मान्य. पण बॉडी मेली म्हणून लेन्सलाही तिरडीवर बांधायचं, हे कुठलं इंजिनिअरिंग?

आता मुद्द्याला हात घालू.

या तिन्ही लेन्सच्या मागं आटे आहेत. बाटलीच्या झाकणासारखी लेन्स फिरवून बसवायची. या जोडणीला एम ४२ म्हणतात, कारण व्यास ४२ मिमी. पिच १ मिमी. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत, १९४९ च्या सुमारास हा प्रकार रूढ झाला. मग पूर्व जर्मनीच्या प्राक्टिकानं, रशियाच्या झेनिटनं आणि जपानच्या पेंटॅक्सनं तोच वापरला. त्या काळी रशिया आणि पूर्व जर्मनीशी आपला व्यापार रुपयात चालायचा, डॉलरची गरज नव्हती. म्हणून आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत, शाळा-कॉलेजांच्या कपाटांत झेनिट आणि प्राक्टिका सापडतात. आपल्या कपाटातली हेलिओससुद्धा त्याच गोतावळ्यातली.

सेकंड इयरच्या मेकॅनिकलवाल्यांना एक विनंती. ४२ मिमी व्यास दिसला की लगेच 'एम ४२' म्हणू नका. टी-माउंट नावाचा आणखी एक प्रकार आहे, त्याचाही व्यास ४२ मिमीच, पण पिच ०.७५ मिमी. तो एम ४२ च्या बॉडीत एक-दीड फेरा जातो आणि अडकतो. तिथं जोर लावला की दोन्हीकडचे आटे गेले. जुन्या झेनिटमध्ये तर ३९ मिमी व्यासाचाही प्रकार होता. मेट्रॉलॉजी लॅबमध्ये व्हर्निअर आणि पिच गेज आहे, तो फक्त प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी नाही. दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि दुकानदार ती सहसा सांगत नाही. लेन्सच्या बसण्याच्या जागेपासून फिल्मपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीनं वेगळं ठरवलंय. एम ४२ चं ४५.४६ मिमी. पेंटॅक्सच्या के-माउंटचं (१९७५) नेमकं तेवढंच. निकॉनचं ४६.५, मिनोल्टाचं ४३.५, कॅननच्या जुन्या एफडीचं ४२. नियम सोपा आहे. कॅमेऱ्याचं अंतर लेन्सच्या अंतराइतकं किंवा कमी असेल तर मध्ये अ‍ॅडॅप्टर घालून जमवता येतं. कॅमेऱ्याचं अंतर जास्त असेल तर लेन्स फिल्मपासून लांब पडते आणि दूरचं काही शार्प येत नाही.

"एका मिलिमीटरनं काय होते बे?" असं आमच्या रूममधल्या एका महाशयांनी विचारलं होतं. काय होते ते गणितानंच बघा. हेलिओस निकॉनवर बसवली तर १.०४ मिमी जास्तीचं अंतर. फोकल लेंग्थचा वर्ग, म्हणजे ५८ गुणिले ५८, ३३६४. त्याला १.०४ नं भागा. ३२३५ मिमी. म्हणजे सव्वातीन मीटरच्या पलीकडचं सगळं धूसर! अ‍ॅडॅप्टरची स्वतःची जाडी धरली तर हद्द आणखी जवळ येते. वर्गमित्राचा चेहरा येईल, पण वैनगंगेचा पूल येणार नाही. काच घातलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, ते दूरचा फोकस परत आणतात, पण ती स्वस्त काच लेन्सचा गुण खाऊन टाकते. चांगल्या भाजीत मेसची आमटी ओतल्यासारखं.

म्हणून आपल्या तीन लेन्ससाठी निकॉन बाद. निकॉन वाईट आहे म्हणून नाही. आपल्या लेन्सचं तिथं जमत नाही म्हणून.

मग उरलं काय? माझ्या मते तीन पर्याय.

पहिला झेनिट-ई. १९६५ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेला, वजनदार आणि दगडासारखा. मीटर सेलेनियमचा, त्यामुळे बॅटरीची भानगडच नाही. स्वस्तही सर्वांत. पण शटर स्पीड फक्त १/३० ते १/५०० आणि बल्ब. शिवाय फोटो घेताना लेन्सच्या मागची पिन दाबायची सोय त्यात नाही. हेलिओस ४४-२ ला फरक पडत नाही, तिचं अ‍ॅपर्चर हातानंच बंद करायचं असतं. पण ज्या लेन्सवर ऑटो-मॅन्युअलचं बटण नाही, ती झेनिट-ईवर कायम पूर्ण उघडीच राहील. विकत घेण्याआधी हे बघायलाच हवं.

दुसरा प्राक्टिकाच्या एमटीएल मालिकेतला. याचं शटर धातूच्या पात्यांचं, वरून खाली पडणारं. १ सेकंदापासून १/१००० पर्यंत. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात लेन्सचं झाकण न लावता उन्हात ठेवलं तर भिंगातून सूर्य एकवटतो आणि पडद्याला भोक पडतं. लहानपणी भिंगानं कागद जाळायचो ना, तेच. आपल्या भंडाऱ्याचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला धातूच्या पडद्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

तिसरा पेंटॅक्स. त्यात १९६४ पासूनचा स्पॉटमॅटिक हा थेट एम ४२ चा बुजुर्ग. आणि के १००० हा १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत राहिलेला, के-माउंटचा. दोन्हींचं अंतर सारखं असल्यामुळे पातळ अ‍ॅडॅप्टरवर आपल्या लेन्स के १००० वर दूरपर्यंत शार्प चालतात, आणि उद्या के-माउंटची लेन्स मिळाली तर तीही बसते. बॅटरी साधी, घड्याळवाल्याकडे मिळणारी एलआर ४४. फक्त मीटरला बंद करायचं बटण नाही, झाकण लावणं हेच त्याचं बटण. शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी संपली तरी फोटो निघतो.

माझं मत विचाराल तर धातूच्या शटरचा, चालू स्थितीतला प्राक्टिका पहिला. बजेट वाढलं तर के १०००. झेनिट मिळालाच आणि फारच स्वस्त मिळाला, तर घ्या, नाक मुरडू नका.

हा झाला क्लबचा हिशेब. पण काहींच्या घरी काकांची, मामांची लेन्स असते. त्यांच्यासाठी थोडक्यात. निकॉनच्या लेन्स असतील तर १९७७ चा एफएम. त्याचा एक छोटा खटका वर दुमडता येतो, त्यामुळे १९७७ च्या आधीच्या लेन्सही चालतात. नंतरच्या एफएम २ मध्ये ती सोय नाही, तरी लोक त्याच्यासाठी दुप्पट पैसे मोजायला तयार असतात. कॅनन एफडी असेल तर एई-१ चं नाव सगळे घेतात, पण त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक. बॅटरी गेली की कॅमेरा म्हणजे पेपरवेट. त्याऐवजी १९७१ चा एफटीबी बघा. मिनोल्टासाठी एसआर-टी १०१. यॅशिका किंवा काँटॅक्सच्या लेन्ससाठी यॅशिका एफएक्स-३, वरचं रेग्झिन सोललेलं असणार हे गृहीत धरूनच. रेग्झिनला भाव देऊ नका, ते शंभर रुपयांत बदलतं.

इलेक्ट्रॉनिक शटरला माझा विरोध का, तर ते बिघडलं की दुरुस्ती संपली. सुटे भाग बनत नाहीत आणि सर्किट उघडून बसणारे कारागीर कमी झाले. यांत्रिक कॅमेऱ्यात स्प्रिंग, गिअर आणि तेल. ते घड्याळजीच्या हाताला समजतं, आणि थर्ड इयरच्या पोरांनाही समजायला हवं.

आता कॅमेरा तपासायचा कसा? मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची मोठी बाजारपेठ आहे, चोर बाजारातही जुने कॅमेरे दिसतात. कुठूनही घ्या, पण "चालू आहे हो, एकदम ओके" या वाक्यावर पैसे देऊ नका. बॅक उघडा, १ सेकंदावर शटर दाबा. त्यानंतर स्पीड वाढवत जा, प्रत्येक पायरीला आवाज आखूड व्हायला पाहिजे. मोबाईलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मागून उजेड दाखवून शूट करा. १/३० ला आठ फ्रेममध्ये उजेड दिसायला हवा. बारा दिसल्या तर तुमचा १/३० प्रत्यक्षात १/२० आहे. १/५०० आणि १/१००० साठी ही युक्ती चालत नाही, तिथं एक रोल खर्चूनच बघावं लागतं. कापडी पडदा असेल तर अंधारात टॉर्च लावून भोकं शोधा. दारावरचा काळा फोम बोटाला चिकटला तर तो बदलावा लागेल. तो मोठा खर्च नाही, पण भावात घासाघीस करायला कारण मिळतं.

लेन्सला टॉर्च समोरून नको, तिरपी लावा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी. आपला जिल्हा तलावांचा. पावसाळ्यात चार महिने कपाटातल्या चामड्याच्या बेल्टला बुरशी येते, तिथं लेन्सचं काय! कडेला थोडीशी असेल तर फोटोत दिसत नाही, मध्यभागी पसरली असेल तर नमस्कार करून परत द्या. घरी आणल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल. आणि भंडाऱ्यात तांदूळ भरपूर आहे म्हणून कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदळाची भुकटी फोकसच्या आट्यात जाते.

बंद मीटर बघून घाबरू नये. निरभ्र उन्हात एफ/१६ ठेवा आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं. १०० च्या फिल्मला १/१२५, ४०० च्या फिल्मला १/५००. एवढं पाठ असलं की दिवसा मीटर लागत नाही. झेनिट-ईवाल्यानं मात्र लक्षात घ्यावं, त्याचा शेवटचा स्पीडच १/५०० आहे आणि हेलिओस एफ/१६ च्या पुढं बंद होत नाही. म्हणून आपल्या उन्हाळ्यात त्यानं ४०० ऐवजी १०० किंवा २०० ची फिल्म भरावी.

आता विरोधी पक्ष. माझ्या बाजूच्या रूममधला मित्र म्हणतो, "काहून पैसे जाळून राहिला भाऊ? मोबाईलवर फुकटात निघते ना फोटो." त्याचं म्हणणं खोटं नाही. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून आज चौदाशे रुपयांच्या आसपास जातात. ३६ नं भागा, एका फोटोला ३९ रुपये. म्हणजे दर क्लिकला एक तर्री-पोहा! रोल कुरिअरनं मोठ्या शहरात पाठवा, वाट बघा. एवढे पैसे प्रत्येकानं रोज घालावेत असं मी म्हणतच नाही. गॅदरिंगचे दोन हजार फोटो मोबाईलनं किंवा डिजिटलनंच काढावेत.

पण खर्च कमी करण्याचा मार्ग आपल्याच आवारात आहे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म शंभर फुटी रिळात घेतली तर सुमारे १८ रोल भरतात. धुण्यासाठी डी-७६ हा जुना डेव्हलपर, त्याचं सूत्र सर्वांना खुलं आहे. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. केमिस्ट्रीच्या सरांच्या देखरेखीखाली, हातमोजे घालून, आणि वापरलेलं हायपो बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवून हे करता येईल. अडचण एकच. धुलाईचं तापमान २० अंश, आणि आपलं नळाचं पाणी एप्रिलमध्ये चहाला ठेवल्यासारखं. म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत. उरलेल्या वेळी माठाचं पाणी आणि बर्फ.

दुसरा आक्षेप सिनिअर लोकांचा. "डिजिटल मिररलेसवर अ‍ॅडॅप्टर लावून याच लेन्स चालतात की." चालतात, नक्की चालतात. सोनीच्या ई-माउंटचं अंतर १८ मिमी, तिथं जवळपास कोणतीही जुनी लेन्स बसते. ज्याच्याकडे तो कॅमेरा आहे त्यानं जरूर लावाव्यात. पण क्लबकडे तो नाही आणि त्याच्या किमतीत एक सेकंडहँड मोटारसायकल येते. तिसरा आक्षेप, "फिल्म तर बंद पडली." कोडॅकनं २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आपल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म इतिहासजमा झाली, हे सगळं खरं. तरी कोडॅकची आणि इलफर्डची फिल्म आजही बनते, आणि पेंटॅक्सनं २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. त्याची लेन्स पक्की जोडलेली आहे, त्यामुळे आपल्या कामाचा नाही. पण मेलेल्या धंद्यात कोणी नवा कॅमेरा काढत नाही.

आणि पैशाच्या पलीकडचा एक मुद्दा. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणे पेरले आणि त्यांची वाढ महिनाभराहून जास्त दिवस कॅमेऱ्यात टिपत राहिले. तयार झालेली फिल्म चालली जेमतेम मिनिटभर. ती दाखवून त्यांनी पुढच्या सिनेमासाठी भांडवल उभं केलं. मोजकी फिल्म असली की माणूस आधी बघतो, मग दाबतो. हे 'बघणं' आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांना कोणत्याच विषयात शिकवलं जात नाही. सिम्युलेशन चुकलं तर पुन्हा रन करायचं, कोड चुकला तर पुन्हा कंपाईल. ३६ च्या हिशेबात 'पुन्हा' नाही.

आणि बघण्यासारखं आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? दिवाळीनंतरची मंडई आणि तिथली दंडार. पितळी भांडी ठोकणारे हात. आंधळगावचा कोसा. पवनीचा जुना दरवाजा आणि तटबंदी. आषाढात गुडघाभर चिखलातली रोवणी. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि पुढं कित्येक गावं पाण्याखाली गेली. त्या गावांतल्या अंगणांचे, लग्नांचे फोटो ज्या घरांत जपलेले आहेत, ते बहुतेक रोलवरचे. निगेटिव्ह असेल तर आजही नवी प्रत निघते. आमच्या बॅचच्या फर्स्ट इयरचे फोटो मात्र ज्या मोबाईलमध्ये होते तो मोबाईल कधीच एक्स्चेंजमध्ये गेला. आठवणींचा बॅकअप घ्यायला इथं कोणाला वेळ असतो?

म्हणून क्लबच्या वतीनं नाही, माझ्या स्वतःच्या वतीनं तीन मागण्या मांडतो. एक, निर्लेखनाच्या यादीतून त्या तीन लेन्स काढाव्यात. मेलेली बॉडी खुशाल भंगारात द्यावी (किंवा त्याहून बरं, मेकॅनिकलवाल्यांना उघडायला द्यावी). दोन, क्लबच्या तीस सभासदांनी प्रत्येकी दोनशे रुपये काढावेत. सहा हजार होतात, त्यात धीर धरून शोधलं तर एम ४२ ची एक चालू बॉडी यायला हवी. कॉलेजनं पैसे नाही दिले तरी चालेल, फक्त परवानगी द्यावी. तीन, हा कॅमेरा कपाटात कुलूपबंद न ठेवता लायब्ररीच्या पुस्तकासारखा आठवड्यासाठी इश्यू व्हावा. उशीर झाला तर दंड घ्या, हरकत नाही.

निर्लेखन समितीतल्या सरांना एवढीच विनंती की सही करण्याआधी हेलिओस एकदा खिडकीकडे धरून तिच्यातून बाहेर बघावं. काच अजून स्वच्छ आहे. तिला फक्त एक घर पाहिजे, आणि ते सहा हजारांत मिळण्यासारखं आहे.